किंग मावशीची तिसरी घोषणा

आमच्या हिंगवा बिल्डिंगच्या दारात गेली एकोणीस वर्षं किंग मावशी राखणीला बसते. वर चोवीस मजले, दर मजल्यावर आठ घरं आणि खाली ती एकटी. पुढ्यात आगीच्या घंटेची पाटी, तिच्यावर दर मजल्याचा एक लाल दिवा, शिवाय एक माईक आणि चहाचा थर्मास. माईक बंद असला तरी तिचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत पोचतो. "ओली छत्री लिफ्टात झटकू नका हो! आपल्या पलंगावर झटकता का?"

चिनी पंचांगातला सातवा महिना पितरांचा. त्यांच्यासाठी कागदाच्या नोटा, कागदाचे कपडे जाळायचे. "खाली रस्त्यावर जाळा," असं मावशी घसा फोडून सांगते, पण हाँगकाँगच्या उकाड्यात जाळायचा पत्र्याचा डबा घेऊन वीस मजले कोण उतरणार? जिन्याच्या वळणावरच डबा पेटतो, धूर होतो, घंटा वाजते. दिवसातून तीनदा. मग मावशी बटण दाबून घंटा गप्प करते आणि सगळ्या मजल्यांवर ऐकू जाईल असं सांगते, "काही नाही हो, कुणाचे तरी पूर्वज जेवतायत. बसा घरात." इतकी सवय, की घंटा झाली की पाचव्या मजल्यावर माझी आजी टीव्हीचा आवाज वाढवायची.

त्या मंगळवारी दुपारी अडीचला मी टपाल बघायला खाली आले होते. बाराव्या मजल्याचा दिवा लागला, घंटा वाजली. मावशीनं चहाचा घोट न थांबवता बटण दाबलं. "काही नाही हो, बसा घरात."

घंटा पुन्हा वाजली. आता बारा आणि तेरा. मग चौदा.

"दिवे चढतायत," मावशी म्हणाली. तिचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. कॅमेऱ्यात पुढचा जिना काळा दिसत होता. तिनं अग्निशमनला फोन केला, लिफ्ट खाली आणून बंद केल्या आणि माईक धरला. "आग लागलीय! खरी आग! मागच्या जिन्यानं खाली या!"

कुणी आलं नाही. विसाव्या मजल्यावरच्या फाँगबाईंनी तेवढा घरातून खालच्या दाराशी बोलायचा फोन उचलला. "किंग, आत्ताच म्हणालीस ना काही नाही? चौघी सोंगट्या खेळायला बसलोय, माझा डाव लागत आलाय. नाटकं पुरे."

"फाँगताई, पाया पडते—"

फोन ठेवला गेला. मावशीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मग डोळे पुसले, घसा साफ केला आणि देवळातल्या बायकांसारखा गोड, लांबट सूर काढला.

"ज्येष्ठ रहिवाशांनोऽऽ, देवळातर्फे शांतीचे तांदूळ आलेत, माणशी पाच किलो! लिफ्ट बंद आहे. रांग मागच्या जिन्यानं. पुढच्या जिन्यानं येणाऱ्याला दाणाही मिळणार नाही!"

सातव्या महिन्यात देवळं फुकट वाटतात त्या तांदळासाठी आमचे म्हातारे उन्हात चार-चार तास उभे राहतात. मागचा जिना गडगडायला लागला. चाकांच्या पिशव्या, काठ्या, चपला. "ढकलू नका, मी आधी!" "तुझे गुडघे दुखतात ना रे?" माझी आजी दोन पिशव्या घेऊन उतरली. दुसरी वारलेल्या आजोबांच्या नावाची. फाँगबाई मुठीत सोंगटी घेऊन आल्या, खोकत. "किंग, वर धूर आहे गं." मावशी प्रत्येकाला रस्त्यापलीकडे हाकलत घरं मोजत होती.

"चौदा-तीन?"

चौदाव्या मजल्यावरचं तिसरं घर म्हणजे सीतो आजोबा. तीस वर्षं ट्राम चालवलेला माणूस, फुकटचं काही घेणार नाही. मावशीनं दाराचा फोन लावला.

"आजोबा, तांदूळ खोटे. आग खरी."

"आधी काही नाही. मग आग. मग तांदूळ. आता पुन्हा आग. अशी ट्राम चालवली असती तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं."

"दाराखाली बघा."

पावलं घासत दाराकडे गेली. मग खोकला. "धूर येतोय. लोखंडी दाराला कुलूप आहे, किल्ली शोधतो—"

"उघडू नका! बाहेर सगळा धूर आहे. टॉवेल भिजवा, फटीत कोंबा. खिडकीशी बसा. फोन सोडू नका."

अग्निशमनवाले आत शिरले तेव्हा तिनं पहिल्याची बाही धरली. "चौदा-तीन, पुढची बाजू, आतून कुलूप!" आणि पुन्हा फोनवर, "आजोबा, बोलत राहा. तुमची ट्राम कुठून सुटायची?"

"शाउ केई वान."

"मग?"

"क्वारी बे... नॉर्थ पॉइंट..." खोकला. "तुला काय करायचंय?"

"मला जायचंय. मग कुठे?"

"कॉजवे बे." खूप वेळानं, "वान चाय."

"मग?"

नुसती घरघर.

"पुढचा थांबा कोणता? आजोबा! थांबा सांगा, हरामखोर म्हाताऱ्या, थांबा सांग!" ती टेबलावर मूठ आपटत होती. फोनमधून लोखंड कापल्याचा किरकिराट आला. मग पडल्याचा आवाज. मग एक तरुण, अनोळखी आवाज.

"सापडले. श्वास चालू आहे."

मावशीला फोन ठेवता येईना. मी तिची बोटं सोडवली.

आजोबांना झोळीतून नेलं. डोळे मिटलेले, नाकपुड्या काळ्या. वाचतील का, हे त्या वेळी कुणी सांगितलं नाही. एक अधिकारी वही घेऊन आला. घंटा पहिल्यांदा कधी वाजली, असं त्यानं विचारलं.

"अडीचला," मावशी म्हणाली. "ती मी बंद केली. न बघता. आणि सगळ्यांना सांगितलं, बसा घरात."

"अगं, गप्प बस," फाँगबाई मागून दबक्या आवाजात म्हणाल्या. "नोकरी जाईल तुझी."

"लिहा," मावशी अधिकाऱ्याला म्हणाली. "किंग लिहू नका. पूर्ण नाव लिहा. लुई साउ-किंग."