आतोबांची क्रियापदं

अख्ख्या मालवणात इंग्रजी क्रियापदांवरून भांडण उकरून काढणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या आत्येच्या नशिबी आला होता. माझे आतोबा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. त्यांचं म्हणणं असं की मराठी माणूस भोळा; त्याने 'करणे' हे एकच क्रियापद घेतलं आणि स्वयंपाकापासून खुनापर्यंत सगळं त्यातच उरकलं. साहेब मात्र चिकित्सक. तो गृहपाठ 'डू' करतो, चहा 'मेक' करतो, पूजा 'परफॉर्म' करतो, गुन्हा 'कमिट' करतो आणि ठरवलेलं काम 'कॅरी आऊट' करतो. ह्यातलं एक दुसऱ्याच्या जागी आलं की आतोबांच्या कपाळावरची शीर उडायला लागायची. आत्येने सकाळी नुसतं "वायच काम करा मां," म्हटलं, तरी ते पेपरातून डोकं वर काढून विचारायचे, "कसला काम? डू करूचा की मेक?"

"तुमचां डू नि मेक चुलीत घाला," आत्ये म्हणायची, "आणि आधी ह्यो नारळ सोलून देवा."

नारळ सोलण्याला कुठलं क्रियापद लागावं ह्याचा विचार करत ते परसात जायचे आणि बराच वेळ परत यायचे नाहीत. आत्ये तेवढ्यात दुसरा नारळ सोलून, खवून, वाटून मोकळी झालेली असायची.

भांडायला त्यांना जागेचं बंधन नव्हतं. एकदा जत्रेला मुंबईहून आलेला एक चाकरमानी आपल्या परप्रांतीय मित्राला देवळात इंग्रजीतून समजावत होता की आता गावकरी गाऱ्हाणं 'डू' करताहेत. गाऱ्हाणं घालणारा रंगात आला होता, लोक "व्हय म्हाराजा" म्हणत होते, आणि आतोबा गर्दीतून वाट काढत त्या चाकरमान्यापाशी पोचले. "देवासमोर डू? हय काय भांडी घासतत?" त्यांचा आवाज वर्गात चालणारा, देवळात तो घंटेपेक्षा मोठा लागला. गाऱ्हाणं मधेच थांबलं. देवाला पुढे काय सांगायचं होतं ते कोणालाच आठवेना, आणि त्या वर्षी गावात जे जे बिघडलं त्याचं खापर आतोबांवर फुटलं. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. "देवाक तरी बरां इंग्लिश ऐकूक मेळूक नको?" असं ते वर विचारायचे.

पण त्यांची खरी शाळा भरायची ती किनाऱ्यावर, रापणीच्या दोरीशी. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसांनी किनाऱ्यावरून ओढायच्या, ही आमची रापण. तिचा रिवाज असा की दोरीला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा मिळणार; मग तो कोणाचाही कोण असो. आतोबा दहावीच्या वर्गाला सकाळी सकाळी तिथे न्यायचे आणि दोरीला लावायचे. मी त्यांची भाची म्हणून मला सूट नव्हती, उलट मला सगळ्यांत पुढे, पाण्यात उभं करायचे. "एकट्यान नारळ सोललो तर तां डू," ते ओरडून सांगायचे. "सगळ्यांनी मिळून हातात घेतलेला काम शेवटाक न्हेला, तर तां कॅरी आऊट. मधीच दोरी सोडलास तर तुका क्रियापदच नाय!" आमचे तळहात सोलवटायचे, स्कर्ट मिठाने कडक व्हायचे, आणि शाळेत गेल्यावर सगळा वर्ग मासळीबाजारासारखा घमघमायचा. आयांची तक्रार नव्हती, कारण पोर शिकून येताना वाट्याचे चार पेडवे, म्हणजे कालवणापुरती मासळी, घेऊन येत होतं.

तक्रार होती हेडमास्तरांची. त्यांनी आतोबांना बोलावून घेतलं. दार उघडं होतं आणि आम्ही वऱ्हांड्यात कान देऊन उभे होतो.

"मास्तर, परीक्षेत रापण येत नाही," हेडमास्तर म्हणाले. "उद्यापासून गाईड उघडा, तयार उत्तरं पाठ करून घ्या."

ऑफिसात आतोबासुद्धा शुद्ध बोलायचे. "सर, हुकूम आपण दिलात. तो पार पाडायला दुसरा माणूस बघा."

हेडमास्तरांनी खरंच दुसरा माणूस बघितला. घाटावरून एक तरुण सर आले, त्यांना दहावी मिळाली आणि आतोबांना पाचवी. ए बी सी डी! आतोबांना मूलबाळ नव्हतं. निवृत्ती जवळ आली होती आणि दहावीचा वर्ग हाच त्यांचा जीव होता. त्या संध्याकाळी ते आत्येशीसुद्धा भांडले नाहीत, तेव्हा मला रडू आलं.

रविवारी मात्र ते धोतराचा काचा मारून किनाऱ्यावर हजर! हेडमास्तरांनी बजावलं होतं की दहावीच्या मुलांनी तिकडे फिरकायचं नाही. आतोबांचं उत्तर किनारभर ऐकू गेलं. "शाळेत तेंचो हुकूम. हय दर्याचो! मी दोरी सोडूचंय नाय!" आम्ही सगळे गेलो. सोमवार ते शनिवार गाईड पाठ करायचं आणि रविवारी दोरी ओढत तीच उत्तरं मोडून, स्वतःच्या इंग्रजीत पुन्हा रचायची, असं आमचं वर्षभर चाललं.

एका रविवारी नवे सरच तिथे आले. मासळीचा वास आला की नाकाला रुमाल लावणारा माणूस. हेडमास्तरांचा हेर आला, असंच आम्हाला वाटलं. आतोबांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दोरी पुढे केली. सरांनी रुमाल खिशात कोंबला, पॅंट दुमडली आणि ओढायला लागले.

धापा टाकत त्यांनी विचारलं, "सर, ह्याला आता कुठलं क्रियापद?"

"अजून संपला खंय? पुरा होवंदे, मगे सांगतंय."

त्या वर्षी परीक्षेत इंग्रजीत आमच्यातलं कोणीही आडवं झालं नाही. पावसाळा सरत आला, नारळी पौर्णिमा झाली, आणि शाळेत गुणगौरवाचा समारंभ ठरला. व्यासपीठावर हेडमास्तर, बाजूला नवे सर. आतोबांना कोणी बोलावलं नाही. ते घरी परसात नारळ सोलत बसले होते, आणि मीही हट्टाने त्यांच्याजवळच बसले होते.

दुपारी फाटक वाजलं. नवे सर होते. गळ्यात समारंभाचा हार तसाच, आणि हातात अंगापासून लांब धरलेली एक ओली पिशवी.

"आज पावसाळ्यानंतरची पहिली रापण लागली," ते म्हणाले. "भाषण झाल्यावर मी थेट किनाऱ्यावर गेलो. तुमचा वाटा आणलाय."

"मी आज दोरीक हात लावूक नाय," आतोबा ताठ म्हणाले. "फुकटचो वाटो माका नको."

"वर्षभर लावलात, सर. मघाशी समारंभात माईकवरून मी तेच सांगितलं. हेडमास्तरांना आवडलं नाही." सरांनी पिशवी त्यांच्यासमोर ठेवली. "पुरं झाल्यावर क्रियापद सांगणार होतात."

आतोबांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता एक तासाचं व्याख्यान. पण ते चष्मा धोतराच्या टोकाने पुसत राहिले.

"केलां रे," शेवटी ते म्हणाले. "पोरांनी केलां."

दहावी त्यांना पुन्हा कधीच मिळाली नाही. पाचवीवरूनच ते निवृत्त झाले. पण त्या दुपारी आत्येने सरांना जेवायला बसवून घेतलं, आतोबांनी आपल्या पानातला मोठा बांगडा उचलून सरांच्या पानात ठेवला, आणि सरांनी खिशातून रुमाल काढला नाही.