सीमेवरचा दुसरा नारळ

बाबल मेला, आणि एक नारळ द्यायचा राहिला.

आज वर्ष झालं. 'गेला', 'देवाघरी गेला' असलं मला लिहवत नाही. जायचं असतं तर मला घेऊन गेला असता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाबल देवबागचा, होमस्टेवाला. मी पेद्रू, मालवणात माझं गॅरेज. पर्यटकांना फिरवून दमलेली त्याची टेम्पो ट्रॅव्हलर आम्ही दोघांनी मिळून कॅम्परव्हॅन केली. मागच्या सीट काढून दोन बाकडी, शेगडी, पाण्याची टाकी.

फ्रीज नाही. बाबल म्हणाला, "फ्रीज कित्याक? सुकट आसा मगे."

"जावया खंय?" मी विचारलं.

"डोंगर बघूया. आयुष्यभर ह्यो दर्यो बघलंव. सपाटच्या सपाट."

कामाशिवाय जिल्ह्यातल्या बांद्यापर्यंत न जाणारा माणूस, आणि थेट नेपाळ म्हणाला!

देवबाग ते दार्जिलिंग कसे पोचलो तो वेगळा विषय. भांडत पोचलो.

तिथून पुढे डोंगराच्या कडेने एक अरुंद रस्ता जातो आणि धुक्यात अचानक एक दांडा आडवा येतो. अलीकडे भारत, पलीकडे नेपाळ. आपला एक जवान, त्यांचा एक पोलीस. आमच्याशिवाय एकही गाडी नाही.

बाबलच्या अंगात दोन स्वेटर, डोक्याला माझ्या बायकोची शाल, आणि खाली हाफ पँट.

"पाय माजे दर्यातले. तेंका थंडी वाजणा नाय."

दात मात्र कडकड वाजत होते.

जवानाने व्हॅनचं दार उघडलं आणि सुकटीच्या वासाने मागे सरला. मग त्याला गादीशेजारी दोन भलेमोठे नारळ दिसले.

"ये क्या है?"

"तुमच्या देव का है," बाबल म्हणाला.

"कौन सा देव?"

"बॉर्डर का. राखणदार. साहेब, तुम इदर खडा है ना, तुमच्या पहिले से वो खडा है."

आमच्याकडे ही साधी गोष्ट. गावाची सीमा ओलांडायची तर राखणदाराला नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. एकाने देवाला मोठ्याने सांगायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्या 'व्हय'शिवाय गाऱ्हाणं पोचत नाही.

बाबलचं म्हणणं, गावाला राखणदार असतो तर देशाला नसेल का? मोठी सीमा, मोठा राखणदार, म्हणून मोठा नारळ. एक जातानाचा, एक येतानाचा.

माझ्या घरात क्रूस आहे. पण लहानपणापासून बाबलच्या गाऱ्हाण्याला 'व्हय' माझाच. "तुजो देव खंयचोय असांदे, आवाज मोठो आसा," म्हणायचा.

त्या थंडीत त्याने चपला काढल्या. नारळ दांड्याजवळ ठेवला.

"बा सीमेच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी एकटाच.

बाबल थांबला. मागे वळून जवानाला म्हणाला, "साब, एकटे से नही चलता. तुम भी बोलो."

आणि बोलले हो! जवान आधी इकडेतिकडे बघून, मग खणखणीत. नेपाळी पोलीस म्हणाला, "हो महाराज!"

बाबल खूश. "बघ, हेंची मालवणी तुज्यापेक्षा बरी."

मग शेवटचं सांगितलं. "जशी दोघां चलली हत, तशीच दोघां परत येवंदेत म्हाराजा! येताना हयसूनच येतलंव, दुसरो नारळ दितलंव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तिघांचा आवाज खाली दरीत गेला.

दांडा वर झाला.

परत येताना त्या रस्त्यावर दरड कोसळली होती. खालच्या मैदानातल्या नाक्यावरून यावं लागलं. दोघं धड परत आलो. दुसरा नारळही परत आला.

लोक म्हणाले, सोड समुद्रात, पोचतो तो. बाबल ऐकेना.

"सबद दिलंय रे. पेद्रू, तो थंय वाट बघत आसतलो."

पुन्हा जायचं ठरलं. अंगणात व्हॅनला रंग लावत होता, तेव्हाच अ‍ॅटॅक आला. अर्धी बाजू निळी, अर्धी अजून जुनी पांढरी. आजही तशीच आहे.

वर्षभर दर रविवारी चर्चमधली मिसा संपली की मी देवबागला जातो आणि व्हॅनमध्ये बसतो. माझ्याच सीटवर. सुकटीचा वास अजून आहे. रस्ता चुकलास म्हणून ओरडणारं बाजूला कोणी नाही. मला त्याच्याशी भांडायचंय. फार आठवण येते रे.

आज वर्षश्राद्धाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर बाबलची बायको, आमच्या वैनी, आल्या. एका हातात व्हॅनची चावी, दुसऱ्या हातात त्या जुन्या नारळाच्या जागी अंगणातल्या माडाचा ताजा नारळ.

"पेद्रू भावजी, गाडी हय खाऱ्या वाऱ्यात कुसतली. जावन येवा."

"वैनी, मी किरिस्तांव. गाऱ्हाणा बाबल घाली. माका खंय येता?"

"इतकी वर्सां व्हय म्हणलास मां? मगे येता तुमकां."

पुढच्या आठवड्यात निघतोय. रंग तसाच ठेवून.

पण एकट्याने गाऱ्हाणं होत नाही, आणि तो जवान आता कुठे बदलून गेला असेल कोण जाणे. म्हणून तुम्हाला सांगतोय. खाली कमेंटमध्ये 'भावपूर्ण श्रद्धांजली' नको. जोडलेले हात नकोत. आधी इथेच घालून बघतो. चुकलं तर बाबल हसेल.

बा सीमेच्या राखणदारा म्हाराजा,

गेल्या खेपेक दोघां इल्लंव, ह्या खेपेक एकटोच येतंय म्हाराजा.

बाबलान सांगलेलो नारळ घेवन येतंय. उशीर झालो, तो पोटात घाल म्हाराजा.

तो आता खंयची सीमा ओलांडून गेलो, माका ठावक नाय. थंय जो कोण राखणदार आसात, तेका माजा सांगणा पोचव म्हाराजा.

बाबल कितीय बोलांदे, तेका थंडी सोसणा नाय. तेका थंडी वाजाक दिव नको म्हाराजा.

आता तुम्ही. आधी मोठ्याने म्हणा, मग खाली लिहा.