बसवंतअप्पांचं कारखान्याचं इंजिन

एका रविवारी सकाळी बसवंतअप्पा माझ्या दारात उभे राहिले. हातात विटेएवढं, लालभडक, नवं कोरं खेळण्यातलं रेल्वे इंजिन. ओळख ना पाळख, पण सरळ मुद्द्यावर आले.

"सर, हे लई सोवळं दिसायलंय. ह्याला जरा घाण करून द्या."

मी तेव्हा ढोकीच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. आयुष्यात लोकांनी माझ्याकडून पाट्या रंगवून घेतल्या, गणपतीची आरास करून घेतली, पण घाण करून मागणारा हा पहिलाच माणूस.

अप्पांनी सारी नोकरी लांबच्या एका सिमेंट कारखान्यात काढली होती. तिथं यार्डात मालगाडीचे डबे इकडून तिकडं ढकलणारं छोटं डिझेल इंजिन असतं, शंटिंगचं. ते अप्पा चालवायचे. निवृत्त होऊन गावी आले आणि ऑनलाइन तसली खेळण्यातली इंजिनं मागवायला लागले. येणारं इंजिन रेल्वेचं असायचं, झगमगीत. अप्पा त्याला कारखान्याचं करायचे.

"रेल्वेचं इंजिन पाव्हण्यासारखं असतंय," ते म्हणायचे. "नटून येतंय, शिट्टी मारतंय, जातंय. कारखान्याचं इंजिन घरचं असतंय. दिवसभर राबतंय अन् कुनी नाव घेत न्हाय."

म्हणून आधी सँडपेपरनं रेल्वेचं नाव घासून काढायचं. मग पुढं-मागं लाकडाचा जाड ठोकळा आणि त्यावर पिवळे-काळे पट्टे. कठडे अप्पांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, केसांच्या आकड्यांचे. चाकांनी रूळ नीट धरावा म्हणून पोटात टायरच्या दुकानातून आणलेले शिशाचे तुकडे. आतली दातेरी चाकं बदलून इंजिन मुद्दाम हळू करायचं. शेवटी सिमेंटची धूळ म्हणून काकूंची टाल्कम पावडर.

"माझ्या तोंडाला पावडर न्हाय अन् ह्येंच्या इंजिनाला हाय!" काकू आतून ओरडायच्या. अप्पा मला हळूच सांगायचे, "इंजिनाला जास्त शोभून दिसती."

गंजाचं काम माझ्याकडं होतं. वाळलेला चहाचा चोथा वाटून, डिंकात कालवून मी सगळीकडं मोठ्या हौसेनं गंज लावला. अप्पांनी चष्मा वर करून पाहिलं.

"सर, हा गंज न्हाय, हे हळदी-कुंकू झालं. पानी साचतंय तिथंच गंज येतो. शोभेसाठी येत न्हाय."

इतकी वर्षं मी मुलांना चित्रकला शिकवत होतो, पण त्या दिवशी घरी गेल्यावर पहिल्यांदा मोरीच्या पत्र्याकडं अर्धा तास निरखून पाहिलं. बायकोनं विचारलं, "काही हरवलं का?"

अप्पांची एकुलती एक मुलगी शिल्पा लातूरला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. तिला बघायला दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्हीकडून नकार. तिसरं स्थळ बार्शीचं. यायच्या आदल्या दिवशी शिल्पानं जाहीर केलं, "मी ट्रे घेऊन, मान खाली घालून बाहेर येणार न्हाय. दोनदा आले, बास झालं."

काकूंनी डोक्याला हात लावला. "मंग चहा आनायचा कुनी?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "इंजिन आनंल."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरापासून पुढच्या खोलीपर्यंत रूळ टाकले गेले. मला सिग्नलला बसवलं, म्हणजे मधल्या दारात, हातात हिरवा रुमाल देऊन. पाहुणे आले. मुलगा महेश, त्याचे निवृत्त हेडमास्तर वडील आणि सगळ्या खोलीची झडती घेतल्यासारखं बघणारी आत्या. शिल्पा आधीच खुर्चीवर बसलेली.

मी रुमाल हलवला. इंजिन निघालं. मागं सपाट डब्यावर एक कप. वेग असा, की आत्यांनी घरातल्या सगळ्यांची चौकशी संपवली तरी इंजिन मधल्या खोलीतच.

"जरा जोरात न्हाय का चालत?" आत्यांनी विचारलं.

"शंटिंगचं हाय," अप्पा म्हणाले. "घाई केली की डबा फुटतोय."

उंबरठ्याच्या चढावर चहा हिंदकळला, साय रुळावर सांडली आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. अप्पांचा चेहरा पडला. काकूंनी डोळे मिटले. तेवढ्यात शिल्पा खुर्चीवरून उठून सरळ जमिनीवर बसली.

"अप्पा, चाकं घसरायलीत. थांबा." तिनं दारातल्या रांगोळीची चिमूट उचलून रुळावर टाकली.

महेशही गुडघ्यांवर आला. "खऱ्या इंजिनात पण चाकांपुढं वाळू टाकतात ना?"

"व्हय. तुम्हाला कसं म्हाइत?" शिल्पानं विचारलं.

"लहानपणी तासन्‌तास यार्डाच्या भिंतीवर बसायचो."

इंजिन चढ चढलं. दोघं रांगत त्याच्या बाजूनं पुढं गेले. कप हेडमास्तरांसमोर पोचला तेव्हा चहा गार होता, पण त्यांनी तो बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

"मुलीनं चहा आणला नाही," आत्या पुटपुटल्या.

"गाडी अडली तेव्हा उठली कोण?" हेडमास्तर म्हणाले. मग घसा खाकरून बोलले, "मुलगी पसंत आहे. देणंघेणं काही नको. फक्त हे इंजिन द्या."

अप्पा इंजिनाकडं बघत राहिले.

"पोरगी न्या," ते शेवटी म्हणाले. "इंजिनाचं जरा इचार करून सांगतो."

शिल्पा तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी अप्पांनी पाहुण्यांना द्यायला दुसरं इंजिन मागवलं. आम्ही दोघांनी ते घासलं, रंगवलं, पाणी साचेल तिथंच गंज लावला. पावसाळी हवेनं रंग वाळेना, म्हणून लग्नाची तारीख दोनदा पुढं गेली. काकूंनी लोकांना सांगितलं, की मुहूर्त नव्हता.

अप्पा गेल्या उन्हाळ्यात वारले. आठवण निघाली, की मला त्या लग्नातली पाठवणीच दिसते. मांडवात सगळे रडत होते. अप्पा इंजिनाचं खोकं हातात घेऊन जावयाला समजावत होते.

"एकच थेंब तेल, दोन न्हाय. उन्हात ठिवू नका. दमलं की जरा थांबू द्या. आवाज येगळा आला तर दाबून चालवू नका, मला फोन करा. कवाबी करा."

"हो अप्पा," महेश म्हणाला.

"अन् कुनी नावं ठिवली तर... त्याला ऐकू जाऊ देऊ नका."

त्यांनी खोक्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं. शिल्पानं पदरानं डोळे पुसले. "अप्पा, मी इंजिन न्हाय."

"म्हाइत हाय," अप्पा तिच्याकडं न बघता म्हणाले. "इंजिन सांगितलेलं ऐकतंय."