धरणाऱ्याची साक्ष

“बनियन काढ. तिथं दगडावर ठेव. हातात देऊ नकोस.”

सामना आम्ही जिंकला होता आणि हे मला माझ्याच संघाचा कप्तान सांगत होता. बोईसरच्या मैदानात, माणसं अजून उभी असताना. शेवटचे तिन्ही गडी मी धरले होते. कोपरांची सालटी निघालेली. मी घामाने ओलं झालेलं संघाचं बनियन काढलं, दगडावर ठेवलं. त्याने ते काठीने उचलून बादलीत टाकलं. बाकी सहा जणांची बनियनं त्यांच्या अंगावरच राहिली. कुणी हसलंसुद्धा नाही. त्यांना त्यात नवल वाटावं असं काही नव्हतंच.

किनाऱ्याकडे अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी अठरा-एकोणीस वर्षांचा. बेटेगावापलीकडे, डोंगराच्या अंगाला आमचा आदिवासी पाडा. मी तारापूरला खडीची घमेली वाहत होतो. दुपारच्या सुट्टीत आम्ही मजूर रेतीत हुतूतू खेळायचो. कप्तान तिथे कारकून होता. त्याने मला एकदा चौघांना लागोपाठ धरताना पाहिलं आणि आपल्या मंडळात घेतलं. अट एकच.

“तू फक्त धरायचं. चढाईचं आम्ही बघू.”

वर्षभर मी एकही चढाई केली नाही. दम घेऊन पलीकडे जायचं त्यांनी. मातीत आडवं होऊन दुसऱ्याचा पाय धरायचं ते मी. पकड करताना माझ्या अंगाचा कुणाला विटाळ नव्हता. पकड झाली की ते चटईवर पोहे खायचे, मी जांभळाखाली पानावर.

मी हे सगळं गिळलं. जिल्ह्याच्या संघासाठी गिळलं. जिल्ह्यातून खेळलेल्या पोरांना मुंबईच्या गिरणीत कायमची नोकरी लागत होती. मला ती हवी होती. दिवाळी झाली की माझे आई-बा मिठागरावर जात आणि पायांना भेगा घेऊन परत येत. आमच्याकडे भात-नाचणीपुरता एक तुकडा होता. आज्यापासून आम्हीच कसत होतो, पण तो शेठच्या नावावर.

पालघरला शेवटचा सामना लागला. जिल्ह्याचे निवड करणारे खुर्च्यांवर बसले होते. समोरच्या संघाचा मुख्य चढाईवाला म्हणजे त्याच शेठचा मुलगा. आमचा धाकटा शेठ. बा पहिल्यांदाच माझा खेळ बघायला आला होता. धुतलेलं धोतर नेसून.

शेवटच्या चढाईला धाकटा शेठ आत आला. मी घोटा धरला, वर सरकलो, कमरेला मिठी मारली. माझा कान त्याच्या पाठीला टेकला होता. पाठीतला दम मला ऐकू येत होता, आणि तो तुटला. साफ तुटला. त्यानंतर त्याचं बोट मधल्या रेघेला लागलं.

तो उठून म्हणाला, दम होता. लोकांच्या आरडाओरड्यात पंचांना काही ऐकू आलं नव्हतं. आमच्याकडे अशा वेळी धरणाऱ्याला विचारायची पद्धत आहे, कारण त्याचाच कान जवळ असतो. पंच मास्तर होते, भला माणूस. त्यांनी विचारलं, “दम तुटला होता का रे?”

मी कडेला बघितलं. बाने हात जोडले होते. पंचांना नाही, देवाला नाही. मला.

मी म्हणालो, “नाय तुटला.”

आम्ही हरलो. कप्तानाने सगळ्यांदेखत माझ्या तोंडात मारली आणि म्हणाला, “यांना घेऊ नका म्हणून सांगत होते लोक. जातच तसली.” निवडीत माझं नाव आलं नाही. पकड कच्ची आहे, असं ते म्हणाले. माझी पकड. त्या एका शब्दाने मी आतून मोडलो. धाकट्या शेठचं नाव मात्र आलं.

घरी चालत येताना बा खाली बघतच बोलला.

“मीबी असंच बोललेलो. कचेरीत. कूळकायद्याचं चाललेलं तवा सायबानं इचारलं, जमीन कोण कसतो? शेठ बाजूला उबा होता. मी बोललो, शेठच कसतात. आंगठा दिला.”

मला रडू आलं. बाचा राग आला आणि बाची दयाही आली, दोन्ही एकदमच. त्याने आणि मी, दोघांनी जे हातांनी केलं होतं तेच तोंडाने नाकारलं होतं. विचारणारे दोघेही खरं ऐकायला तयार होते. बोलायला आम्ही तयार नव्हतो.

पुढच्या वर्षी आम्ही मजुरांनी आमचाच संघ काढला. ज्याला जायचं त्याने चढाईला जायचं. सामन्यात पुन्हा धाकटा शेठ समोर आला. पुन्हा मी धरला, पुन्हा दम तुटला, पुन्हा तो नाही म्हणाला. आणि माझ्याकडे बोट दाखवून पंचांना म्हणाला, “विचारा यालाच.” त्याला माझी इतकी खात्री होती.

बा कडेलाच उभा होता. मी तिकडे बघितलं नाही.

“तुटला. मी धरला त्याला.”

पेरणीच्या आधी शेठने जमीन काढून घेतली. माणसं आणून आमचा बांधच फोडला. बाने मला एवढंच विचारलं, “आता खायाचा काय?” मिठागरावरून तो त्या साली परत आला तो खोकतच, आणि पुढचा पावसाळा त्याने बघितला नाही. माझ्या एका खऱ्या शब्दाने बाचा घास गेला. हे मी कुणावर ढकलत नाही.

बाचे दिवस झाल्यावर मी पालघरच्या कचेरीत जमिनीसाठी अर्ज दिला. तिथल्या कारकुनाने बाची जुनी जबानी काढून दाखवली. खाली काळा अंगठा. तो म्हणाला, तुझ्या बापानेच लिहून दिलंय, आता काय होणार?

मी म्हणालो, “बा भ्यायला होता. मी नाय भीत. माजी जबानी लिवा.”

त्याने लिहिली नाही. मी तिथेच बाकावर बसलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिसऱ्या दिवशीही. साहेब येईल, शेठ येईल, शेठचा वकील येईल. कुणीही बाजूला उभा राहू दे. मला विचारलं की मी सांगणार, ती जमीन आमी कसली. आणि नाही विचारलं तरी सांगणार.