पॅडच्या अलीकडची जागा

नाचणगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी दुपारी आम्ही चौघं खेळायला बसतो. खेळ कागद-पेन्सिलीचा आणि फाशांचा. एक जण गोष्ट चालवतो, त्याला गेम मास्टर म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतली एकेक माणसं होतात आणि आपण काय करणार ते बोलून सांगतात. सहा वर्षं गेम मास्टर मीच होतो. परीक्षेची दोन पॅडं समोर उभी करायची, त्यांच्या आड नकाशे ठेवायचे, फासे समोरच्यांच्या हाती द्यायचे आणि समोरच्यांना विचारायचं, आता काय करता? शाळेत इतकी वर्षं गणित शिकवून जे सुख मिळालं नाही, ते मला या एका प्रश्नात मिळायचं.

समोर बसणारे तिघं म्हणजे एक मेडिकलवाला, एक बसचा कंडक्टर आणि सरकारी दवाखान्यातली एक सिस्टर. यंदा मी म्हटलं, मलेही एकदा खेळू द्या न बा, किती दिवस मीच चालवू? सिस्टर लगेच म्हणाली, "मी चालवीन, सर." तिनं पॅडं आपल्यापुढं घेतली आणि मी उठून त्या दोघांच्या मधे सतरंजीवर जाऊन बसलो.

बसलो आणि पहिल्या दहा मिनिटांत शिसारी आली. पॅडांमुळे मला इतकी वर्षं यांची फक्त तोंडं दिसायची. कंडक्टर तर्री-पोहे खातो आणि बोटं सतरंजीच्या खालच्या बाजूला पुसतो, हे मला माहीतच नव्हतं. सतरंजी माझ्या घरची. उलटून पाहिली तर पिवळे-लाल डाग एकावर एक बसलेले. मेडिकलवाला पेन्सिलीनं कान कोरतो आणि तीच पेन्सिल पुढच्याला देतो, ती त्यानं मला दिली. फासे हातात घेतले तर तेलकट, बोटाला चिकटणारे. याच फाशांची डबी मी आठवडाभर सांभाळून ठेवत होतो. रात्री जेवताना मी बायकोला सांगायचो, आमच्या लोकांची मोठी निष्ठा आहे खेळावर. कसली निष्ठा न कसलं काय.

सिस्टर इकडे गोष्टीतल्या गावाचं आणि तिथल्या जुन्या विहिरीचं वर्णन करत होती. तेवढ्यात माझ्या खिशातला मोबाइल थरथरला. मला एका नव्या ग्रुपात घेतलं होतं. ग्रुपात आम्ही तिघंच, सिस्टर नाही. मेडिकलवाल्याचा निरोप होता: "ताईनं विहिरीचं इतकं सांगतलं म्हणजे विहिरीतच काहीतरी लिहून आणलं असन. सगळ्यांनी विहिरीत उतरा. तिले वाईट वाटू नये." त्याखाली कंडक्टरचा अंगठा.

मी हळूच विचारलं, "हे काय होय?"

मेडिकलवाला मजेत म्हणाला, "आता तुमी आमच्या बाजूनं आले न, सर, म्हणून तुमाले घेतलं. तुमी चालवत होते तवाचा ग्रुप वेगळा आहे." आणि त्यानं मांडीवरच तो जुना ग्रुप उघडून दाखवला. मी वाचत गेलो. "सर किल्ल्याकडं ढकलून राह्यले, चला किल्ल्यात." "प्रधानच गद्दार आहे, पण ओळखू नका, सरांनी लय मेहनत केली." "आता सगळ्यांनी दचका."

ते दचकणं मला चांगलं आठवतं. त्या रविवारी रात्रीचं जेवण मला गोड लागलं होतं. मी स्वतःला कोण समजत होतो देव जाणे. आणि हे तिघं खाली मान घालून, पोह्याच्या बोटांनी, मला खेळवत होते. लहान पोराला पत्त्यांत मुद्दाम जिंकू देतात तसं. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं, पण ही असली दया कोणी मागितली होती?

मला राहवलं नाही. मी मोठ्यानं म्हणालो, "ताई, हे लोक तुम्हाला फसवून राह्यले. यांनी ग्रुप काढला आहे. तुम्ही म्हणाल तिकडं हे मुद्दाम जाणार."

सिस्टर शांतच होती. "काढला असन," ती म्हणाली. "पयला मीच काढला होता. तुमच्यासाठी."

"काऊन?"

"पयल्या वर्षी आमी किल्ला सोडून जंगलात गेलतो, आठवते का? तुमी नकाशाचे चार तुकडे केले अन् महिनाभर आमाले बोलावलं नाई. भेटले तं बोलले बी नाई. मंग मी म्हटलं, जाऊ किल्ल्यातच, काय बिघडते आपलं? रविवार तं राह्यते."

नकाशा फाडलेला मला आठवत होता. बायकोला मी सांगितलं होतं की या लोकांना रस नाही. कंडक्टर पोह्याची बशी सरकवून खाली बघत बसला. मला त्यांची किळस येत होती, ती आता नेमकी कोणाची येते तेच कळेना.

सिस्टरनं दोन्ही पॅडं आडवी केली. मागं एक कोरी वही होती, बाकी काही नाही. विहीर नाही, नकाशा नाही.

"मी काईच लिहून नाई आणलं," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुमच्या मनासारखं केलं. आता तुमी म्हणसान तिकडं गोष्ट जाईन, खरंच जाईन. सांगा, सर. आता काय करता?"

मी तोंड उघडलं. गोष्टीतल्या गावाबाहेर रस्ता होता, नदी होती, कुठंही जाता आलं असतं. मला एकही जागा सुचेना. तिघं माझ्याकडं बघत होते, आणि माझी नजर आपोआप मांडीवरच्या मोबाइलकडं गेली, ग्रुपवर कोणी काही सांगितलं का ते पाहायला.