ताईला पुढची सीट हवी होती

माझी ताई बसची कंडक्टर आणि भावोजी त्याच बसचे ड्रायव्हर. एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल, एवढ्या भांडवलावर त्यांचं लग्न जमलं आणि टिकलंसुद्धा, असं मी म्हणते आणि ताईची चापट खाते. पण खोटं नाही. घरी भावोजी तिच्या कपात चहा ओततात तेव्हा ती टेबलावर बोटाने एकदा ठोकते. ठक. की किटली वर. 'पुरे' म्हणायचे कष्ट कोण घेणार?

कामावर तिचा एकच हट्ट असायचा. बेल वाजली की ड्रायव्हरने 'का' म्हणून विचारायचं नाही. आधी ब्रेक, मग चौकशी. एखादी म्हातारी अजून पायरीवर असते, कुणाची पिशवी दारात अडकलेली असते. ते कंडक्टरला दिसतं, ड्रायव्हरला नाही. भावोजींनी हा नियम इतका पाळला की डेपोतले लोक त्यांना 'बेलवाले' म्हणून चिडवायचे. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

उभं राहून राहून ताईचे गुडघे गेले आणि ती घरी बसली. गेल्या वर्षी भावोजींनीही मुदतीआधीच नोकरी सोडली. 'पाठ धरते,' म्हणाले. मला आश्चर्य वाटलं, कारण त्या पाठीवर ते अजून गॅसची टाकी आणत होते. पण मेहुणीने किती खोदून विचारायचं? यंदा मात्र मी दोघांना ओढूनच चार दिवस दुसऱ्या शहरात सुट्टीला नेलं.

भाड्याच्या गाडीचा विषय पहिल्याच सकाळी हॉटेलात नाश्त्याच्या वेळी निघाला. शहराबाहेर टेकड्यांमध्ये एक तळं होतं. बस पायथ्याशी सोडते, पुढे चढ, म्हणजे ताईच्या गुडघ्यांचं काम नव्हे. मी म्हटलं, "टॅक्सी करू."

"टॅक्सी नको," ताई म्हणाली. "गाडी भाड्याने घेऊ. हे चालवतील."

भावोजींनी पाव खाली ठेवला. "अनोळखी शहर, अनोळखी रस्ते. पार्किंग कुठे मिळणार? आणि सुट्टीतसुद्धा मी स्टिअरिंगच धरू का?"

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं. "एवढी मोठी बस वळवणारा माणूस टीचभर गाडीला घाबरला!"

ते हसले नाहीत. एरवी माझ्या टोमण्याला व्याजासकट परतफेड करणारा माणूस. पाण्याचा ग्लास घ्यायला त्यांनी डावा हात लांबवला आणि ग्लास आडवा झाला. सगळं टेबल ओलं. आदल्या दिवशी खोलीत शिरतानाही त्यांचा डावा खांदा चौकटीवर आपटला होता. मी त्यांच्या धांदरटपणावर तोंडसुख घेतलं होतं. आता मी फक्त नॅपकिन ताईपुढे सरकवला.

टेबल पुसता पुसता ताई खाली मान घालून बोलली. "इतकी वर्षं मी बसच्या मागच्या दाराशी उभी राहिले. मला दिसायची ती यांची मान. कॉलर उसवली की कळायचं, केस कापायला झाले की कळायचं. तोंड काही दिसायचं नाही. आपली गाडी कधी झाली नाही, आता होणारही नाही. मला एकदा पुढच्या सीटवर यांच्या शेजारी बसायचंय. एवढंच."

ताई कधी काही मागत नाही. साडी घ्यायला नेली तरी माझ्यासाठीच घेऊन येते. भावोजींनी तिच्याकडे पाहिलं, पूर्ण मान वळवून पाहिलं, आणि म्हणाले, "बरं. घेऊ."

मला आनंद व्हायला हवा होता. पण त्यांचा चेहरा गाडी मिळालेल्या माणसाचा नव्हता. दुसऱ्या दिवशी गाडी घ्यायची ठरली.

गाड्या भाड्याने देणाऱ्या बाईंचं ऑफिस म्हणजे एका अंगणाच्या टोकाला पत्र्याची खोली. अंगणातून फूटपाथ ओलांडून थेट रस्त्यावर निघायचं, मध्ये एक अरुंद फाटक. बाईंनी परवाना पाहिला, सह्या घेतल्या आणि किल्ली पुढे केली. त्या भावोजींच्या डाव्या हाताला उभ्या होत्या. किल्ली हवेत तशीच राहिली.

"साहेब, किल्ली."

"हां, हां," म्हणत ते गर्रकन वळले. मी ताईकडे पाहिलं. तिचं लक्ष गाडीकडे होतं. लहान मुलीसारखी पुढच्या दाराचं हँडल धरून उभी होती. आता बोलावं की गप्प राहावं? बोलून काय सांगणार, की हे धांदरट झालेत? मी मूग गिळून मागे बसले.

भावोजींनी आरसे लावले, सीट सरकवली, ताईचा पट्टा नीट बसलाय का ते पाहिलं. मग हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"बेल कुठाय?"

ताई खुदकन हसली आणि तिने समोरच्या डॅशबोर्डवर दोनदा ठोकलं. ठक ठक. गाडी निघाली. अंगणातून फाटकाकडे अगदी हळू, बस डेपोतून काढतात तशी. ताई रस्त्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे. माझाही जीव जरा भांड्यात पडू लागला. फाटक आलं. सवयीने ताईने डावीकडे पाहिलं.

ठक.

गाडी जागच्या जागी थांबली. माझं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं. समोर, डाव्या दिव्यापाशी, एक बाई बाबागाडी दोन्ही हातांनी मागे ओढत उभी होती. बाबागाडीत मूल होतं. एका हाताचंही अंतर नव्हतं.

आणि भावोजींनी विचारलं, "काय झालं?"

बाई तिथेच होती, भर उन्हात, लाल कपड्यांत. आम्हाला दोघींना दिसत होती. ताईने आधी बाईकडे पाहिलं, मग भावोजींच्या डाव्या डोळ्याकडे.

"ड्रायव्हर," ताई म्हणाली. घरात ती त्यांना 'अहो' म्हणते. "गाडी बंद करा."

त्यांनी बंद केली. ती बाई आम्हाला दोन शब्द सुनावून निघून गेली, आणि बरोबरच होतं तिचं.

"कधीपासून?"

"दीड वर्ष होईल," भावोजी म्हणाले. "उजव्याने नीट दिसतं. डावा कडेकडून मिटत आलाय. पाठीला काही झालं नव्हतं. बसमध्ये एवढी माणसं... कळलं तसं सोडून दिलं."

"परक्या माणसांसाठी बस सोडलीत," ताईचा आवाज फाटला, "आणि मी बसणार म्हटल्यावर किल्ली घेतलीत?"

"तू पहिल्यांदाच काहीतरी मागितलंस." ते स्टिअरिंगकडे बघत बोलले. "आणि मला वाटलं, ती बाजू तर तुझीच. तू शेजारी असणार. काही आलं तर बेल देशीलच."

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी रडूही आलं. शहाणा माणूस असा हिशेब करेल का? पण या माणसाचा उभा जन्म त्या बेलवर विसंबून गेला होता.

"मी तुमच्या तोंडाकडे बघत होते हो," ताई म्हणाली. "रस्त्याकडे नाही."

मी उतरले आणि किल्ली ऑफिसातल्या बाईंना परत दिली. त्यांनी कारण विचारलं नाही, फाटकातलं सगळं त्यांनी पाहिलं होतं.

बाहेर आल्यावर भावोजी अपराध्यासारखे म्हणाले, "टॅक्सी बघू का? तुझं तळं राहील."

"तळं कुठे पळून जातंय? डोळा पळतोय," ताई म्हणाली. "आधी डॉक्टर." चौकात विचारलं तेव्हा कळलं, डोळ्यांचं हॉस्पिटल बसच्या वाटेवरच आहे.

बस आली, रिकामीच होती. भावोजी ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर खिडकीशी बसायला गेले, तर ताईने त्यांचा दंड धरून ओढलं आणि समोरचा रस्ता दिसेल अशा पलीकडच्या रांगेत नेलं. तिथे ती स्वतः आत सरकून खिडकीशी बसली आणि त्यांना उजवीकडे बसवलं. मी मागे बसले. मला दोघांच्या माना दिसत होत्या. तिचे खांदे हलत होते.

बस सुटली. थोड्या वेळाने भावोजी हळूच म्हणाले, "बसलीस की शेवटी शेजारी."

"गप्प बसा," ताई म्हणाली, आणि त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ती समोरच्या रस्त्याकडे डोळ्यात तेल घालून बघत राहिली.