पप्पांची रोजची पहिली फेरी

पप्पा आधी इंजिनिअर होते, सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. शिफ्टी करत करत एमबीए केलं, मग पीएचडी, मग शिकवायला लागले आणि आता चक्क मॅनेजमेंट कॉलेजचे डीन! सूट, केबिन, सगळं. आई अजूनही टोमणा मारते, "डीनसाहेब, मिक्सर तेवढा बघा." आणि ते खरंच बघतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. बेअरिंग जायच्या आधी बोलतं म्हणे.

तर हे यंदाच्या दिवाळीनंतरचं. मी त्यांच्याच कॉलेजात एमबीए करते. घरी पप्पा, कॉलेजात सर, आणि चुकून पप्पा म्हटलं की अख्खा वर्ग हसतो. तेव्हा कॉलेजची लिफ्ट आवाज करायला लागली होती. तिसऱ्या मजल्याजवळ टक्, मग थोडा वेळ घरघर. आम्ही त्यावर रीलसुद्धा केली! पप्पांना दाखवली तर हसलेच नाहीत. परत लावली. परत लावली. दुसऱ्या दिवशी स्क्रूड्रायव्हर घेऊन गच्चीवर, लिफ्टच्या मोटरपाशी गेले आणि खाली आले ते हाताला ग्रीस घेऊनच.

मी डबा द्यायला केबिनमध्ये गेले तर समोर संस्थेचे सेक्रेटरी.

"सर, समिती तपासणी करून जाऊ दे, मग बघू. बंद लिफ्ट दिसली तर मान्यतेचं काय? लिफ्टवाल्यानं ओके दिलंय ना?"

"मी स्वतः ऐकलीय ती," पप्पा म्हणाले.

"तुम्ही आता डीन आहात, फिटर नाही. आणि मान्यता गेली ना, तर पहिला डीन जातो."

मला वाटलं, आता उसळणार. पप्पा म्हणाले, "ठीक आहे."

कारखान्यात हाच माणूस बिघडलेल्या मशीनला कुलूप ठोकून, वर लाल पाटी लावून निवांत जेवायला घरी यायचा!

त्यानंतर पप्पा अंधारातच घरातून निघायला लागले. समितीची तयारी म्हणे. "नाश्ता न करता कसली तयारी?" आई कुरकुरायची. एक दिवस मी मागोमाग स्कूटी काढली. द्वारकेच्या चौकातसुद्धा गर्दी नव्हती, म्हणजे विचार करा!

कॉलेजच्या गेटवर वॉचमनकाका म्हणाले, "साहेब रोज लिफ्टनं वर-खाली करत्यात. एकटेच. पोरं यायच्या आधी."

आणि मला एकदम आठवलं. कारखान्यातला एक नियम ते मला गोष्टीसारखा सांगायचे. मशीन चालू राहू दे असं जो म्हणतो, त्यानं सगळ्यात आधी तिच्याजवळ उभं राहायचं. म्हणजे लिफ्ट बंद करता येत नाही, म्हणून हे रोज स्वतः आत उभे राहत होते!

टक्. घरघर. दार उघडलं. आत पप्पा, सूटमध्ये, हातात स्क्रूड्रायव्हर.

"तू इथे काय करतेस?"

"तुम्ही काय करताय?"

"काही होत नाही गं. बघ, आजही नाही झालं."

"आणि तुम्ही उतरल्यावर झालं तर?"

पप्पा लिफ्टमधून बाहेर आले. मी आत शिरले आणि पाचव्या मजल्याचं बटण दाबलं.

"उतर."

"पोरं चढणारच आहेत की आता!"

"उतर म्हणतोय ना!" असे ओरडले की काका धावत आले. दार मिटत होतं. पप्पांनी त्यात खांदा घातला, मला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि लिफ्ट रिकामीच वर गेली. आम्ही तिघं माना वर करून ऐकत होतो.

टक्. या वेळी घरघर थांबेचना.

पप्पांनी लिफ्टचा मेन स्विच पाडला. काकांकडून कुलूप घेऊन पॅनेलला लावलं. लाल पाटी नव्हती, म्हणून गळ्यातला लाल टाय काढून कुलपाला बांधला. समिती त्याच दिवशी यायची होती आणि बसणार होती पाचव्या मजल्यावर.

सेक्रेटरींचा फोन वाजायला लागला. पप्पांनी स्क्रीन बघितली, उचलला नाही.

"आईला सांग, नाश्त्याला घरी येतोय."

फोन परत वाजला. गेटमधून सेक्रेटरींची गाडी आत येत होती.